विरार लोकलचा रेक कोणाचा?

मायक्रोसॉफ्टने २००१ साली ‘ट्रेन सिम्युलेटर’ हा गेम बाजारात आणला, तेव्हा त्यात सहा रेल्वेमार्ग होते. अमेरिकेतले दोन, जपानमधले दोन, ब्रिटनमधला एक आणि ऑस्ट्रियातला एक. भारतातला एकही नव्हता. पण मार्ग आणि गाड्या बनवायची साधनं गेमसोबतच दिलेली होती आणि भारतातल्या रेल्वेवेड्यांना तेवढं पुरलं. पुढच्या काही वर्षांत या गेममध्ये भारतीय इंजिनं आली, निळे डबे आले, मुंबईच्या लोकल आल्या. मायक्रोसॉफ्टने गेमकडे पाठ फिरवल्यानंतर ‘ओपन रेल्स’ हे मुक्त परवान्याखालचं सॉफ्टवेअर तयार झालं आणि जुने डबे, जुने मार्ग त्यात चालू लागले. मोबाइलवर तसंच बसचं झालं. इंडोनेशियातल्या मालेओ या कंपनीचा ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ २०१७ मध्ये आला, त्यात बाहेर बनवलेली वाहनं आणायची सोय झाली आणि महाराष्ट्र एसटीची लालपरी इंडोनेशियातल्या रस्त्यांवर धावू लागली. खेळणाऱ्यांनी स्वतः बनवून मूळ गेमला जोडलेल्या अशा भरीला ‘मॉड’ म्हणतात. मॉड बनवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गेम पहिल्यांदा उघडताना लांबलचक करार न वाचता ‘मान्य आहे’ हे बटण दाबलेलं असतं. त्या एका बटणामुळे आपण बनवलेली गाडी कंपनीची होते का, हा या प्रकरणाचा विषय आहे. माझं उत्तर असं : भारतीय कायद्यात होत नाही, निदान बहुतेक समजतात तितक्या सहज तरी नाही. कंपनीचा करार मॉडच्या वापराला लगाम घालू शकतो. पण लगाम हातात असणं आणि घोडा मालकीचा असणं वेगळं.

उदाहरणासाठी विरारमध्ये राहणारा एखादा मॉडर विरार लोकलचा रेक बनवतो आहे असं धरू. चर्चगेट ते विरार हे सुमारे साठ किलोमीटरचं अंतर रोज लाखो माणसं कापतात आणि त्यातल्या कित्येकांना गाडी न बघताही ओळखू येते. सीमेन्सच्या विद्युत यंत्रणेचा रेक सुटताना जो आवाज करतो तो नंतरच्या बम्बार्डियरच्या रेकचा नसतो, आणि जुन्या डीसी रेकचा तर अगदीच वेगळा होता. पश्चिम रेल्वेवरचा वीजपुरवठा १५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर नेण्याचं काम २०१२ मध्ये पूर्ण झालं, म्हणजे गाडी कोणत्या काळातली दाखवायची यावर तिचा आवाज ठरतो. आपला मॉडर फलाटावर उभा राहून फोटो काढतो, मापं अंदाजतो, हॉर्न आणि मोटारीचा आवाज रेकॉर्ड करतो. मग ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये डब्याचं थ्रीडी मॉडेल उभं करतो, त्यावर रंगांचं टेक्स्चर चढवतो, गाडीचं वजन, वेग पकडण्याची आणि ब्रेकची ताकद एका मजकुराच्या फाइलमध्ये लिहितो आणि शेवटी हे सगळं गेमला कळेल अशा स्वरूपात बांधतो. हे तपशील मुद्दाम सांगतो आहे, कारण मालकीचा प्रश्न यांतच सुटतो. ब्लेंडरमधली मूळ फाइल, टेक्स्चर आणि ध्वनिमुद्रण यांपैकी कशातही मायक्रोसॉफ्टचा किंवा मालेओचा एक ठिपकाही नाही. तेच मॉडेल उद्या तिसऱ्या गेममध्ये नेता येतं. गेमचा संबंध येतो तो शेवटच्या बांधणीत.

कॉपीराइट कायदा, १९५७ काय म्हणतो ते आता पाहू. कलम १७ नुसार कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, सरकारी काम असे काही अपवाद आहेत, पण संध्याकाळी घरी बसून हौसेने केलेलं काम त्यांत येत नाही. कंपनी मॉडरला पगार देत नाही, काम सांगत नाही, कधी पूर्ण करायचं हेही ठरवत नाही. तेव्हा मालकी सुरुवातीला मॉडरकडेच असते. ती कंपनीकडे जायची तर हस्तांतरण व्हायला हवं, आणि कलम १९ सांगतं की हस्तांतरण लेखी हवं आणि त्यावर देणाऱ्याची किंवा त्याने रीतसर अधिकार दिलेल्या माणसाची सही हवी. परवान्याचं कलम ३० वेगळं आहे. २०१२ च्या दुरुस्तीत त्यातला सहीचा आग्रह काढला, लेखी असणं पुरेसं ठरवलं. हस्तांतरणासाठी मात्र सहीची अट कायम ठेवली. वापरू देणं आणि मालकी देऊन टाकणं यांत कायद्याला फरक दिसतो, आणि दुसऱ्या गोष्टीसाठी तो जास्त खात्री मागतो, हे या तुलनेतून उघड होतं.

यावर पहिला आक्षेप असा की आता सगळंच ऑनलाइन झालं आहे, बटण दाबणं हीच सही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ ने इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेल्या कराराला मान्यता दिली आहे, हे खरं. केवळ बटण दाबून झाला म्हणून करार रद्द होत नाही. पण करार झाला आणि सही झाली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच कायद्यातली इलेक्ट्रॉनिक सही म्हणजे ठरावीक तंत्राने, माणसाची ओळख पटवून केलेली सही. गेम उघडताना दाबलेलं बटण त्या व्याख्येत बसवायला बरीच ओढाताण करावी लागेल. उद्या एखाद्या न्यायालयाने ती ओढाताण मान्य केली तरी दुसरी अडचण उरते, ती मॉडरच्या वयाची. मॉड बनवणारे पुष्कळदा शाळा-कॉलेजातले असतात. भारतीय करार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला करार करण्याची क्षमता नाही, आणि १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात अल्पवयीनाचा करार मुळातच शून्य असतो असं ठरवलं. तेव्हापासून तोच नियम चालत आला आहे. करार करायला वय लागतं, कर्ता व्हायला लागत नाही. दहावीतल्या मुलाने बनवलेल्या लोकलवर त्याचा कॉपीराइट असतो, पण ‘तुमची निर्मिती आमच्या मालकीची’ हे त्याने दाबलेलं बटण कागदावरची रेघसुद्धा नसतं. याची उलट बाजूही सांगायला हवी. करार शून्य झाला तर मॉड बनवून वाटण्याची जी परवानगी कंपनीने त्यात दिली होती तीही डळमळते. मालकी शाबूत राहते, पण हक्काने वाटायची वाट अरुंद होते.

आणखी एक आक्षेप परक्या कायद्याचा. बहुतेक करारांत अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा कायदा लागू राहील असं लिहिलेलं असतं. ते कराराच्या अर्थापुरतं चालतं. कॉपीराइट मात्र देशादेशांचा वेगळा असतो, आणि भारतात मालकी कोणाची हा प्रश्न भारतातल्या कायद्याला टाळून सुटत नाही. शिवाय कलम ६२ प्रमाणे कॉपीराइटचा दावा लावणाऱ्याला तो स्वतः राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात जाता येतं. वसई-विरारमधल्या माणसाला त्यासाठी कॅलिफोर्निया गाठावं लागत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे. मॉड ही मूळ गेमवर उभी असलेली दुय्यम कृती आहे, मूळ मालकाच्या परवानगीशिवाय ती बेकायदा, आणि बेकायदा कृतीवर मालकी कसली, असा तो युक्तिवाद. त्याच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा खटला अमेरिकेतला आहे, मायक्रो स्टार विरुद्ध फॉर्मजेन, १९९८ चा. ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ या गेमसोबत नव्या पातळ्या बनवायचं साधन दिलं होतं. खेळणाऱ्यांनी बनवून वाटलेल्या तीनशे पातळ्या मायक्रो स्टार या कंपनीने गोळा केल्या आणि एका सीडीवर विकायला काढल्या. त्या फाइलींत गेममधलं एकही चित्र नव्हतं, कोणतं चित्र कुठे ठेवायचं एवढ्याच सूचना होत्या. तरीही अपील न्यायालयाने फॉर्मजेनच्या बाजूने कौल दिला. कारण या पातळ्या म्हणजे ड्यूक या नायकाच्या नव्या साहसकथा होत्या, आणि कथा पुढे नेण्याचा हक्क मूळ मालकाचा. निकाल मला पटतो. पण त्यातून मॉडरची मालकी शून्य होते, हा निष्कर्ष त्यात नाही. तो वाद दोन कंपन्यांमधला होता. पातळ्या बनवणारे खेळाडू त्यात पक्षकारच नव्हते, आणि त्यांच्या कष्टावर कोण कमावणार एवढंच तिथे ठरत होतं.

तो निकाल विरार लोकलला लावून पाहिला की फरक लख्ख दिसतो. सिम्युलेटरमध्ये नायक नाही, कथा नाही, काल्पनिक जग नाही. नालासोपाऱ्याचं स्टेशन, वैतरणेचा पूल, विरारची कारशेड या गोष्टी गेम कंपनीच्या कल्पनेतून आलेल्या नाहीत. मॉडरने त्या गेममधून घेतलेल्या नसून गेममध्ये आणलेल्या आहेत. गेम ही इथे गाडी चालवायची जागा आहे, गाडीचं मूळ नाही. म्हणून सिम्युलेटरच्या मॉडला दुय्यम कृती म्हणणं मला अवघड वाटतं. जिथे मॉड गेमच्याच पात्रांची वेशभूषा बदलतं किंवा मूळ फाइलीत फेरफार करतं, तिथे आक्षेप खरा ठरतो. आणि तिथेसुद्धा भारतीय कायदा जरा वेगळा आहे. अमेरिकेच्या कायद्यात बेकायदा वापरलेल्या भागाला संरक्षण नाकारणारी स्पष्ट तरतूद आहे. आपल्याकडे कलम १३(३) मध्ये तसा स्पष्ट नकार चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांच्यापुरता लिहिला आहे, चित्र, मॉडेल किंवा प्रोग्रामबद्दल नाही. सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या डिसेंबर २००७ च्या निकालात संपादकांनी निवाड्यांवर घातलेल्या काही भरीलाही संरक्षण दिलं, ती किमान कौशल्य आणि निर्णयबुद्धी दाखवते म्हणून. मूळ निवाडे प्रकाशकाचे नव्हते, तरी वर चढवलेला थर त्याचा ठरला. मॉडच्या बाबतीत थर वेगळे करून बघायची हीच दृष्टी लागते.

घरी बसून मॉड बनवणं हा मुळात गुन्हा आहे का, हेही इथेच पाहायला हवं, कारण कंपन्यांचे करार तसं सुचवतात. कलम ५२(१) मधलं, मूळ इंग्रजी कायद्यातलं ‘एडी’ उपकलम रीतसर मिळवलेल्या प्रतीवरून वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी प्रोग्रामची प्रत किंवा रूपांतर करायला मोकळीक देतं. गेममधली चित्रं आणि आवाज प्रोग्राममध्ये मोडत नाहीत, पण त्यांच्या वैयक्तिक वापराला त्याच कलमाच्या पहिल्या उपकलमातली रास्त वापराची सवलत आहे. म्हणजे विकत घेतलेल्या गेममध्ये स्वतःपुरता बदल करणाऱ्यामागे कायदा उभा आहे. वाटप सुरू झालं की या सवलतींची हद्द संपते आणि कंपनीच्या परवान्याची सुरू होते.

वॉरक्राफ्टची कहाणी करार लिहिणाऱ्यांच्या वाटचालीसाठी वाचण्यासारखी आहे. ब्लिझर्ड कंपनीचा ‘वॉरक्राफ्ट ३’ २००२ मध्ये आला आणि त्यासोबत दिलेल्या संपादन-साधनातून ‘डोटा’ नावाचं मॉड जन्मलं. एकाने सुरू केलं, दुसऱ्याने वाढवलं, तिसऱ्याने चालवलं. मूळ गेमपेक्षा ते मोठं झालं आणि मग मालकीचे दावे उभे राहिले. व्हॉल्व्ह या कंपनीने मॉडरांकडून हक्क घेतले, ब्लिझर्डने दुसऱ्या बाजूने घेतले, आणि २०१२ मध्ये दोघांनी तडजोड केली. पुढे त्यांनी मिळून लिलिथ या चिनी कंपनीवर दावा लावला, तेव्हा प्रतिपक्षाने विचारलं की हे हक्क तुमच्याकडे आलेच कसे. मे २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात न्यायाधीश चार्ल्स ब्रायर यांनी जुना करार तपासला आणि त्यात व्यापारी वापराला मनाई आहे, मालकी देऊन टाकलेली नाही, हे नोंदवलं. हक्क मॉडरांचे होते म्हणूनच ते विकत घेता आले होते. ब्लिझर्डने यावर काय केलं पाहा. जानेवारी २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३ : रिफोर्ज्ड’ आणताना नियमच बदलले. खेळणाऱ्यांनी बनवलेले सगळे कस्टम गेम ब्लिझर्डच्या एकट्याच्या मालकीचे, आणि कर्त्याने आपले नैतिक हक्कही सोडून द्यायचे. जुन्या कराराने मालकी आधीच मिळत असती तर हे नवं कलम लिहायची गरज पडली नसती.

नैतिक हक्क सोडायला लावणारी ती ओळ मला सर्वांत खटकते. आपल्या कायद्याचं कलम ५७ म्हणतं की मालकी विकल्यानंतरही आपण कर्ता आहोत हे सांगण्याचा आणि कृतीची विटंबना रोखण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ मध्ये सरकारने काढून मोडतोड होईल असं ठेवलं. शिल्पाची किंमत सरकारने चुकती केली होती. तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष शिल्पकाराला परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सरकारच्या मालकीच्या ब्राँझवर ज्याचा हक्क टिकला, त्याच कायद्याखाली मॉडरचं नाव एका बटणाने पुसलं जावं हे मला न्याय्य वाटत नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत कलम ५७ ला काही मर्यादा आहेत. पण लोकलचं मॉडेल आणि तिचे रंग ही कलाकृती आहे, प्रोग्राम नव्हे.

कंपन्यांची बाजू पोकळ नाही. हजारो लोक मॉड बनवतात. त्यांतल्या एखाद्यासारखी कल्पना कंपनीने स्वतंत्रपणे पुढच्या आवृत्तीत आणली तर चोरीचा आरोप येऊ शकतो, म्हणून वापराचा कायमचा परवाना मागणं मला रास्त वाटतं. पण परवान्याने भागत असताना मालकी मागू नये. माइनक्राफ्टचा करार हे चांगलं उदाहरण आहे. स्वतः शून्यातून बनवलेलं मॉड तुमचं, फक्त ते विकायचं नाही, असं तो सरळ सांगतो. अर्थात विकता न येणाऱ्या मालकीला काय किंमत, असं कोणी विचारेल. विकायची वाट उघडली तेव्हा काय घडलं ते एप्रिल २०१५ मध्ये दिसलं. व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा यांनी ‘स्कायरिम’च्या मॉडची विक्री सुरू केली, मॉडरचा वाटा पंचवीस टक्के ठेवला, आणि खेळणाऱ्यांच्या संतापापुढे ती काही दिवसांत गुंडाळली. पण किंमत पैशातच मोजायची नसते. मालकी असते म्हणून मॉडर दुसऱ्याला नाही म्हणू शकतो, आपलं मॉडेल दुसऱ्या गेममध्ये नेऊ शकतो, आणि कंपनीने गेम बंद केला तरी त्याची गाडी त्याच्याकडे राहते. ट्रेन सिम्युलेटरचे डबे ओपन रेल्समध्ये चालले ते म्हणूनच.

मग रेल्वेचं काय, एसटीचं काय, असं विचारणारेही भेटतील. गाडी तर त्यांचीच. लालपरीचा आकार एसटीच्या मालकीचा, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण कलम १५ प्रमाणे डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारख्या गोष्टीच्या पन्नासहून जास्त प्रती कारखान्यात तयार झाल्या की तिच्या आकारावरचा कॉपीराइट संपतो, आणि एसटीच्या बस पन्नासांत मोजायच्या नाहीत. बोधचिन्हाची गोष्ट निराळी. ट्रेडमार्क कायद्यातलं उल्लंघन मात्र धंद्याच्या ओघात केलेल्या वापराला लागतं. फुकट वाटलेल्या बसच्या दारावर एसटीचं चिन्ह असणं आणि त्याच चिन्हाचा गेम दुकानात विकणं, यांत म्हणून मोठा फरक पडतो. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी’त हमवी या लष्करी गाड्या दाखवल्याबद्दलचा दावा तर विकलेल्या गेमबाबतही फेटाळला, वास्तवाचं चित्रण करणं हा कलेचा भाग म्हणून.

मॉडरला खरा त्रास बहुधा कंपनीकडून होत नाही, शेजाऱ्याकडून होतो. कोणाचा तरी रेक उचलायचा, रंग बदलायचा, नाव पुसायचं आणि जाहिरातींनी भरलेल्या दुव्यावर टाकून द्यायचा, हे सर्रास चालतं. मॉडला कायद्यात जागाच नाही, ही समजूत त्याला खतपाणी घालते. प्रत्यक्षात मालकाने रीतसर लेखी तक्रार केली की फाइल ठेवणाऱ्या संकेतस्थळाने छत्तीस तासांत ती अडवायची असते, आणि न्यायालयाचा आदेश येईपर्यंत एकवीस दिवस तशीच ठेवायची असते. त्यासाठी आपणच बनवलं हे दाखवता यायला हवं. ब्लेंडरची मूळ फाइल, फलाटावर काढलेले फोटो आणि ध्वनिमुद्रण जपून ठेवणं इथे कामाला येतं. मॉडसोबत दोन ओळींची रीडमी फाइल असते, ती कंटाळा न करता नीट लिहावी. ‘कोणीही काहीही करा’ असं उदारपणे लिहिणाऱ्यानेही जपून लिहावं. २०१२ पासून कलम २१ प्रमाणे जाहीर सूचना देऊनही कॉपीराइट सोडता येतो.

आणि एखादी कंपनी मॉडरकडे थेट येऊन रेक विकत मागू लागली तर? तेव्हा बटण नसतं, कागद असतो, आणि त्यावर सही खरी असते. अशा कागदात किती वर्षांसाठी हे लिहिलेलं नसेल तर कायदा ते पाच वर्षं धरतो, आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिलेलं नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही, तर कागदात वेगळं काही ठरलेलं नसल्यास तो परत कर्त्याकडे येतो. कंपनीचे वकील या तिन्ही रिकाम्या जागा ‘कायमस्वरूपी’, ‘संपूर्ण जग’ आणि ‘वापर केला न केला तरी’ अशा शब्दांनी भरून आणतात. त्या खोडून पाच वर्षं, भारत आणि एक वर्ष असं लिहून मागणं हा सौदा करणाऱ्याचा नेहमीचा हक्क आहे, मग समोरची कंपनी सिएटलची असो की अंधेरीची.